ड्राइव्हवेवरचा डंपस्टर: एका घराच्या आवराआवरीचं प्रकरण

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातल्या दोन मैत्रिणी आणि मी, आम्ही तिघी गेली काही वर्षं इथल्या वयस्कर मराठी माणसांना घर रिकामं करायला मदत करतो. न्यू जर्सीतल्या एका घराची ही हकिकत कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घडलं ते घडलं तसंच ठेवलं आहे, आमच्या हातून चुकलं तेही.

पार्श्वभूमी

१९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेची दारं भारतातल्या शिकलेल्या माणसांना उघडली आणि सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातून इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ इकडे येऊ लागले. त्या पिढीने घेतलेली घरं आता एकामागून एक विकली जात आहेत. मुलं दुसऱ्या राज्यांत, जिने चढवत नाहीत, बर्फ काढायला माणूस मिळत नाही.

या घरातले काका १९७४ साली आले, काकू दीड वर्षाने. घर १९७९ मध्ये घेतलं, बांधलेलं होतं १९६०च्या सुमाराचं. वर तीन बेडरूम, खाली घराएवढंच बेसमेंट, एका गाडीचं गराज आणि गराजवर माळा. काका मागच्या वर्षी गेले. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलगी बोस्टनजवळ राहते, मुलगा सिअ‍ॅटलला. काकूंनी मुलीकडे जायचं ठरलं. जुलैअखेर घराचा सौदा झाला आणि क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पुरा करून ताबा द्यायची, तारीख सप्टेंबरच्या मध्यावर पडली. घर ‘ब्रूम क्लीन’ द्यायचं, म्हणजे आत एक काडी न ठेवता झाडून द्यायचं, असं करारात होतं.

पंचेचाळीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या माणसांकडे काय साठतं ते आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. काकांची इंजिनिअरिंगची पुस्तकं, मासिकांचे गठ्ठे, तीन पिढ्यांचे कॉम्प्युटर. मंडळाच्या नाटकांचे नेपथ्याचे फळे, कारण काका बरीच वर्षं नेपथ्य करायचे. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे. बत्तीस इंची काचेचा जुना टीव्ही. गराजमध्ये चालू अवस्थेतला डीप फ्रीजर, त्यात भारतातून आणलेला मसाला. मागच्या अंगणात उखडलेल्या काँक्रीटच्या लाद्यांची रास. दोन सोफे, चार गाद्या, मुलीचा पियानो. आणि बेसमेंटच्या पायरीखाली गोधडीत गुंडाळलेला पाटा-वरवंटा, १९८३ साली साताऱ्याहून विमानाच्या सामानातून आणलेला.

डंपस्टर म्हणजे काय

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. हा शब्द टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलच्या जॉर्ज डेम्पस्टर यांच्या आडनावावरून आला. ट्रकला कचऱ्याची पेटी यंत्राने उचलता यावी अशी व्यवस्था त्यांनी १९३०च्या दशकात बाजारात आणली. घर आवरताना भाड्याने आणतात तो याच कुळातला, पण उघड्या तोंडाचा लोखंडी कंटेनर. ट्रक येतो, मागचा भाग तिरका करतो आणि कंटेनर घसरवत ड्राइव्हवेवर, म्हणजे घरासमोरच्या गाडीच्या वाटेवर, ठेवून जातो. भरला की उचलून नेतो. मापं घनयार्डात असतात: १०, १५, २०, ३०, ४०. वीस यार्डाचा कंटेनर साधारण बावीस फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि चार-साडेचार फूट उंच असतो. मागे दार असतं, ते उघडून चालत आत जाता येतं.

पुण्यात किंवा मुंबईत असं घर निघालं असतं तर आधी रद्दीवाला आला असता, मग भंगारवाला, मग जुनं फर्निचर घेणारा. प्रत्येकाने भाव पाडला असता, काकूंनी हुज्जत घातली असती. त्या हुज्जतीत प्रत्येक वस्तू निदान एकदा कुणाच्या तरी हातात धरून बघितली जाते. डंपस्टरपाशी असं बघणारं कुणीच नसतं. त्या चार दिवसांत आमचं जे चुकलं, त्यातलं बरंचसं इथून आलं.

अडचण

मुलगा आणि मुलगी दोघांना मिळून ऑगस्टच्या शेवटी चारच दिवस मिळत होते, गुरुवार ते रविवार. आधीच्या महिन्याभरात काकू एकट्या जेवढं आवरता येईल तेवढं आवरत होत्या. आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो, पण त्यांच्या मनाला काही सुटत नव्हतं. रोज एक कपाट उघडायचं, सगळं बाहेर काढायचं आणि संध्याकाळी परत आत ठेवायचं. मी एकदा म्हटलं, “काकू, निदान तीन ढीग तरी करू या.” त्या म्हणाल्या, “अगं, ढीग केला की तो उचलावा लागतो.”

मुलाला सिअ‍ॅटलमध्ये बसून तारखा दिसत होत्या आणि आईची गाडी पुढे सरकताना दिसत नव्हती. त्याने बहिणीशी बोलून डंपस्टर नोंदवून टाकला. वीस यार्ड, सात दिवस, तीन टनांपर्यंत वजन धरून ६४० डॉलर. त्यावर दर टनाला ११० डॉलर. बुधवारी येणार.

आम्हाला हे सोमवारी कळलं. मी तेव्हा ‘बरं झालं, एकदाचं मार्गी लागेल’ असं म्हटल्याचं मला आठवतं.

समोर असलेले पर्याय

काय काय करता आलं असतं ते बुधवारी सकाळी मुलीने वहीत लिहून काढलं. उशीर झाला होता, पण त्या यादीचा पुढे उपयोग झाला.

पहिला पर्याय गावाच्या पालिकेचा. तिथे मोठ्या वस्तू ठरलेल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवल्या तर गाडी नेते, लोखंडी वस्तू आणि फ्रिज वेगळी वेळ घेऊन नेतात. पैसे लागत नव्हते, पण एका वेळी मोजक्याच वस्तू आणि पुढची फेरी तीन आठवड्यांनी. जुलैतच सुरुवात केली असती तर सोफे, गाद्या, कपाटं यातच गेली असती.

दुसरा पर्याय माणसांसकट ट्रक घेऊन येणाऱ्या कंपन्यांचा. ट्रकचा किती भाग भरला त्यावर पैसे. काकूंसारख्या एकट्या माणसाला हे सोयीचं, कारण माळ्यावरून सामान उतरवायलाही तेच जातात. या घराचा अंदाज त्यांनी डंपस्टरच्या तिपटीने दिला.

तिसरा, दुकानात मिळणारी घडीची मोठी पिशवी. साधारण तीन घनयार्ड सामान आणि ३३०० पौंड वजन मावतं. भरून ठेवायची, मग कंपनीला उचलायला बोलवायचं. एका खोलीच्या कामाला छान, अख्ख्या घराला अपुरी.

देण्यासारख्या वस्तूंचा प्रश्न यापेक्षा वेगळा होता. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या सेवाभावी संस्थेची ‘रिस्टोअर’ दुकानं चांगलं फर्निचर आणि स्वयंपाकघरातली कपाटं घेतात, मोठ्या वस्तू घरी येऊनही नेतात. त्यासाठी आगाऊ वेळ घ्यावी लागते. आम्ही फोन केला तेव्हा मिळालेली तारीख क्लोजिंगच्या नंतरची होती. डंपस्टर सर्वांत शेवटी का आणावा याचं सरळ कारण हेच आहे. दान स्वीकारणाऱ्यांना आठवडे लागतात, डंपस्टर दोन दिवसांत दारात येतो. तो आधी आला की दान द्यायच्या वस्तूही त्यातच जातात.

बुधवार आणि गुरुवार

ट्रक सकाळी आठला आला. चालक भला माणूस होता. त्याने आधी वर पाहिलं, कारण ट्रकचा मागचा भाग तिरका उठला की विजेच्या तारांना लागू शकतो. मग ड्राइव्हवेकडे पाहून त्याने विचारलं की खाली फळ्या टाकायच्या आहेत का. ऑगस्टच्या उन्हात डांबर मऊ पडतं आणि कंटेनरची लोखंडी चाकं त्यात रुततात. नवीन मालकांना ड्राइव्हवे धड द्यायचा होता. माळ्यावर काकांच्या नेपथ्याचे पाऊण इंची प्लायवुडचे फळे होते, ते काढून चाकांखाली सरकवले. एका फळ्यावर वाड्याची कमान रंगवलेली होती. काकूंनी तो फळा उलटा टाकायला सांगितला.

रस्त्यावर ठेवला असता तर पालिकेचा परवाना लागला असता. ड्राइव्हवेवर या गावात लागत नव्हता. फोनवर विचारून खात्री करून घेतली होती.

गुरुवारी सकाळी मुलाने आणि दोन नातवंडांनी झपाट्याने सुरुवात केली. हाताशी येईल ते आधी, म्हणजे अंगणातल्या लाद्या, मग गराजमधल्या उरलेल्या टाइल्सचे खोके, मग काकांची पुस्तकं. दुपारपर्यंत तळ झाकला गेला आणि सगळ्यांना हुरूप आला. ‘अजून केवढी जागा आहे!’ हे वाक्य त्या दिवशी मी चार-पाच वेळा ऐकलं.

मुलाने आकाराचा हिशोब नीट केला होता. वीस यार्ड म्हणजे ५४० घनफूट, घरातलं सामान त्यात बसेल, हे बरोबर होतं. वजनाचा हिशोब कुणीच केला नव्हता. काँक्रीटचा एक घनयार्ड जवळजवळ दोन टनांचा असतो. वीस यार्डाच्या कंटेनरच्या तळाशी काँक्रीटचा नुसता तीन इंचांचा थर दिला तरी तीन टनांची मर्यादा संपते आणि वरचे चार फूट रिकामे राहतात. पुस्तकांचंही तसंच. दीड घनफुटाचं खोकं गच्च भरलं की चाळीस पौंडांच्या वर जातं, आणि काकांची अशी साठेक खोकी होती. म्हणजे सव्वा टन नुसती पुस्तकं.

लाद्या-विटांसाठी बऱ्याच कंपन्या वेगळा, लहान कंटेनर देतात. त्यात दुसरं काही टाकायचं नाही, मग ते काँक्रीट फोडून पुन्हा वापरता येतं. पुस्तकांचा कागद गावाच्या रिसायकलिंगला गेला असता, फक्त जाड पुठ्ठ्याची बांधणी फाडून. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला माहीत होतं. पण सगळे घामाघूम होऊन काम करत होते, मुलगा कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा दिसत होता, आणि मी गप्प बसले.

काय टाकायचं नाही

कंपनीच्या कागदावर न टाकायच्या वस्तूंची यादी होती. ती मुलीने फ्रिजवर चिकटवली आणि शुक्रवारभर तिनेच ते खातं सांभाळलं. त्या चार दिवसांतलं सर्वांत नेटकं काम हेच झालं.

टीव्ही, कॉम्प्युटर, मॉनिटर हे न्यू जर्सीत २०११च्या जानेवारीपासून कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. जुन्या काचेच्या टीव्हीत आणि मॉनिटरमध्ये शिसं असतं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचरा केंद्रावर ते फुकट घेतात, पण बत्तीस इंची टीव्ही उचलायला दोन धडधाकट माणसं लागली. डीप फ्रीजरमधला शीतक वायू काढून घेतल्याशिवाय तो मोडीत काढता येत नाही, हा केंद्र सरकारचा कायदा आहे. त्यामुळे पालिकेची वेळ घेतली. ट्यूबलाइट आणि भिंतीवरचा जुना गोल थर्मोस्टॅट यांत पारा असतो. ते, तेलाचे रंग, कीटकनाशकाच्या बाटल्या आणि ग्रिलचा गॅस सिलिंडर काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवसासाठी एका खोक्यात बाजूला. काकांची उरलेली औषधं पोलीस ठाण्यातल्या औषधांच्या पेटीत. न्यू जर्सीत बऱ्याच ठाण्यांत अशी पेटी असते आणि कुणी काही विचारत नाही.

पाण्यातल्या रंगाचे सहा डबे निघाले. हा रंग पूर्ण वाळला की नेहमीच्या कचऱ्यात चालतो. मांजरांसाठी मिळते ती माती त्यात मिसळून झाकणं उघडी ठेवली.

बेसमेंटची फरशी

शुक्रवारी दुपारी मुलाने बेसमेंटमधला गालिचा काढायला घेतला. त्याचा एक कोपरा उचलला तर खाली जुन्या फरश्या, करड्या-हिरव्या, नऊ इंच बाय नऊ इंच. कोपऱ्यातली एक तडकलेली, खाली काळा चिकट थर.

माझ्या मैत्रिणीने तिथेच हात धरला. त्या काळातल्या नऊ इंची फरश्यांत आणि त्यांच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस हे आरोग्याला घातक तंतुमय खनिज असण्याची शक्यता मोठी असते. नुसतं पाहून ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. धड असलेल्या, न हलवलेल्या फरशीपासून धोका कमी. ती फोडली, घासली, उखडली की धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते. आणि असा माल साध्या डंपस्टरमध्ये टाकता येत नाही.

मुलगा वैतागला. “सगळं रिकामं करून द्यायचं म्हटलंय ना आपण? उरलेला गालिचा तसाच ठेवायचा?”

इथे खरा निर्णय होता आणि तो पंधरा मिनिटांत झाला. गालिचा परत पसरला, तडकलेल्या फरशीवर ओला कपडा आणि वर जाड टेप, आणि तिथलं काम बंद. काकूंच्या वकिलांना त्याच संध्याकाळी ईमेलने कळवलं: खाली अशा फरश्या आहेत, तपासलेल्या नाहीत, म्हणून गालिचा काढलेला नाही. घेणाऱ्यांनी त्यांच्या खर्चाने तपासणी केली आणि गालिचा आहे तसा चालेल असं लेखी दिलं. कळवायला आम्ही जेमतेम पाच ओळी लिहिल्या होत्या.

वरच्या खोल्यांचे गालिचे मात्र तोपर्यंत काढून डंपस्टरच्या वरच्या थरावर टाकलेले होते. त्यांच्या खाली लाकडी जमीन होती, तिथे काही प्रश्न नव्हता.

शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ

रात्री वादळी पाऊस झाला. ताडपत्री गराजमध्ये घडी करून ठेवलेली होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सकाळी सातला मी पोचले तेव्हा डंपस्टरमध्ये दोन टायर होते. आमचे नव्हते. उघडा कंटेनर रात्री दिसला की कुणीतरी आपलं टाकून जातं, हे इथे नेहमीचं आहे. टायर न्यायला कंपनी वेगळे पैसे लावते, म्हणून मी मागचं दार उघडून ते ओढायला आत चढले. गालिचे पाणी पिऊन दगड झाले होते. टायर ओढताना बाजूचं एक खोकं फाटलं आणि आतून निळे कागद बाहेर आले.

एअरोग्राम होते. फिकट निळे, कडा दुमडून चिकटवायचे ते.

खोक्यावर काकांच्या अक्षरात ‘टॅक्स १९८८’ असं लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून नियम केला होता की सात वर्षांपेक्षा जुने टॅक्सचे कागद ठेवायचे नाहीत. नियम चुकीचा नव्हता. नातवाने तशी चार खोकी नेऊन टाकली, त्याचंही काही चुकलं नाही. पण रिकाम्या झालेल्या खोक्यात काकूंनी कधीतरी आपल्या आईची पत्रं ठेवली होती, १९७५ पासून आई जाईपर्यंतची. वरचं लेबल बदलायचं त्यांना कधी सुचलं नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती, खोकं कुठे आहे ते त्यांना माहीतच होतं.

काकू दारात आल्या. मी काय धरलंय ते त्यांना लांबून दिसलं. त्या काही बोलल्या नाहीत, पायऱ्या उतरून आल्या आणि पदरासारखा गाऊनचा घेर पुढे धरला. मी त्यात ओली पत्रं ठेवत गेले.

सून ग्रंथालयात काम करते, हे नशीब. ती म्हणाली, “अहो आई, आत्ता एकही उलगडू नका. फाटतील.” ओला कागद दोनेक दिवसांत बुरशी धरायला लागतो, आणि एवढी पत्रं दोन दिवसांत वाळवणं शक्य नव्हतं. गोठवली तर वेळ मिळतो. पाच-सहा पत्रांच्या मध्ये मेणकागद घालून तिने जिपच्या पिशव्या भरल्या आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. तिथल्या चकल्यांच्या कणकेचे आणि खोवलेल्या नारळाचे डबे आम्ही शेजारणीकडे नेऊन दिले.

बाकीची तीन खोकी उघडून पाहिली. ती खरंच टॅक्सची होती. आणि प्रत्येक कागदावर काका-काकूंचे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे परक्याच्या हाती पडू नयेत असे सरकारी ओळख क्रमांक, होते, रात्रभर उघड्या कंटेनरमध्ये. जुने टॅक्सचे कागद फाडून बारीक करायला द्यायचे असतात, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कंटेनर दारात उभा असला की ठाऊक असलेलं आठवत नाही.

त्या सकाळनंतर एक बदल झाला. मागच्या दारापाशी एक खुर्ची ठेवली आणि त्यावर कुणीतरी एक जण कायम बसायचं. कुठलंही खोकं उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. पहिले दोन तास काकूच बसल्या. कामाचा वेग निम्म्यावर आला. मुलगा एकदाही तक्रार करायला गेला नाही.

निकाल

सोमवारी ट्रकने कंटेनर उचलला. वरून पाहिलं तर वीतभर जागा शिल्लक होती, वजन निघालं ४.३ टन. जादा १.३ टनांचे १४३ डॉलर आणि चार गाद्यांचे वेगळे पैसे. ओले गालिचे आणि अंगणातल्या लाद्या यांनीच मर्यादा ओलांडली. रक्कम फार नाही. पण त्याच पैशांत लाद्यांसाठी वेगळी व्यवस्था करण्याच्या बऱ्याच जवळ पोचलो असतो आणि ते काँक्रीट कचऱ्याच्या डेपोत गाडलं गेलं नसतं.

ड्राइव्हवेवर ओरखडा नाही. घर वेळेत दिलं गेलं.

पियानो एका शाळेने नेला. सोफे गेले डंपस्टरमध्ये, दोन्ही चांगले होते. जुलैतच रिस्टोअरची तारीख घेतली असती तर ते वाचवता आले असते. मंडळाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्मरणिका आणि नाटकांची छापील पत्रकं शनिवारच्या खुर्चीमुळे वाचली. फिलाडेल्फियाच्या साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हसारख्या संस्था असे कागद स्कॅन करून जतन करतात. आता मुलगी त्यांच्याशी पत्रव्यवहार करते आहे. आपल्या लोकांचा इथला इतिहास अशा बेसमेंटांतच आहे आणि तो या दहा-पंधरा वर्षांत कंटेनरमध्ये जाईल किंवा वाचेल, असं मला मनापासून वाटतं.

पत्रं गोठलेलीच थंड पेटीतून बोस्टनला गेली. सून तिथे जाऊन एकेक पिशवी बाहेर काढून वाळवून आली. बॉलपेनची जवळजवळ सगळी वाचता येतात. शाईच्या पेनाची बरीचशी पसरली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट क्रमाची. सौदा झाला त्या आठवड्यात दान देण्याच्या तारखा, पालिकेच्या फेरीची तारीख, काउंटीच्या घातक कचऱ्याचा दिवस, हे तिन्ही फोन व्हायला हवे होते. डंपस्टर अगदी शेवटच्या तीन दिवसांसाठी, आणि तेव्हा दहा किंवा पंधरा यार्डांचा पुरला असता. नोंदवताना आकाराइतकाच वजनाचा प्रश्न विचारायला हवा होता: किती टन धरलेत, जादा टनाला किती, लाद्या चालतात का?

भरताना जड सामान तळाशी सपाट पसरून, हे आमच्याकडून आपोआप झालं. पण जड सामानच सर्वांत आधी गेल्यामुळे नंतर वजन जास्त होतंय हे लक्षात येऊनही ते काढता आलं नाही. ताडपत्री रोज संध्याकाळी टाकायची. पाऊस नसला तरी, टायरवाल्यांसाठी.

काकूंना कामातून बाजूला बसवण्याची आमची चूक मला जास्त लागते. त्यांना त्रास होऊ नये म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी आम्ही त्यांना वर स्वयंपाकघरात ठेवलं, चहा करायला लावला. घरात कुठल्या खोक्यात काय आहे हे माहीत असलेलं एकच माणूस आम्ही दारापासून दूर ठेवलं. जुलैत त्या हळू होत्या हे खरं. पण ढीग करणं आणि दारात बसून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं त्यांना उत्तम जमलं. शनिवारी त्यांनी दर दहा खोक्यांतली नऊ जाऊ दिली.

यानंतरच्या वसंतात आम्ही दुसऱ्या एका घरी गेलो तेव्हा खुर्ची पहिल्या दिवशी ठेवली आणि डंपस्टर पाचव्या आठवड्यात मागवला.

पाट्याचं राहिलं. वजन अठ्ठेचाळीस पौंड. तो बोस्टनच्या फ्लॅटमध्ये न्यायचा नाही हे काकूंनीच ठरवलं होतं. रविवारी दुपारी नातवाने तो उचलून आणला आणि खुर्चीपाशी थांबला. काकू म्हणाल्या, “थांब जरा.” मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकला. तासाभरात एक तरुण जोडपं गाडी घेऊन आलं, दोघंही इथे येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. काकूंनी पाट्यावरून हात फिरवला आणि त्यांना सांगितलं, “गुळगुळीत झालाय, टाकी लावून घ्यायला हवी.” न्यू जर्सीत पाट्याला टाकी लावणारा कुठून आणायचा? त्या जोडप्यातल्या मुलाने हार्डवेअरच्या दुकानातून छिन्नी आणली, आणि पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर काकू बोस्टनहून सांगत होत्या: तिरकी धर, हलक्या हाताने मार, एका ओळीत जाऊ नकोस. पहिली चटणी लसणाची झाली. तिच्यात थोडी कचकच राहिली होती, असं त्या मुलीने कळवलं. काकूंनी उत्तर दिलं की दोन वेळा तांदूळ वाटून टाकून दे, मग येणार नाही.